डॅनिश, नवाहो आणि नातीचं पहिलं हसू

आमच्या माधवनगरच्या घरात सध्या दोन परक्या भाषांचं राज्य आहे आणि दोघींचं एकमेकींशी अजिबात पटत नाही. मुलगा साताऱ्याजवळच्या पठारावर पवनचक्क्यांच्या कामाला होता, तिथून थेट डेन्मार्कला गेला. म्हणून आमचे हे, फौजेतून निवृत्त झालेले, मोबाइलवर डॅनिश शिकतात. मुलगी मिरजेला डॉक्टर झाली, अमेरिकेत नवाहो या तिथल्या आदिवासी लोकांच्या मुलखातल्या दवाखान्यात लागली आणि तिथल्याच एका नवाहो मास्तरांशी लग्न करून मोकळी झाली. म्हणून मी नवाहो शिकते. सकाळी सकाळी आमच्या घरातून येणारे आवाज ऐकून शेजारीण एकदा आलं आणि मध घेऊन आली होती. बिचारीला वाटलं, दोघांचेही घसे धरलेत.

डॅनिश ही लिहायची भरपूर आणि बोलताना निम्मी गिळायची भाषा. जन्मभर कवायतीच्या मैदानावर हुकूम सोडलेला माणूस आता भाकरीचा घास अडकल्यासारखा बोलतो. नवाहोत गिळायची सोय नाही. आवाज चढला तर एक अर्थ, उतरला तर दुसरा. एक अक्षर तर जिभेच्या दोन्ही कडांनी वारा सोडून काढावं लागतं. ते काढताना माझी कवळी चहात पडली, तेव्हा हे आठवडाभर हसत होते.

‘‘तुझ्या त्या भाषेत वस्तू द्यायची म्हटली तर आधी ती लांब हाय का गोल हाय का गिचगिचीत हाय, ते बघायचं. मग त्याप्रमाणं ‘दे’ म्हणायचं. पिठलं वाढस्तोवर माणूस उपाशी मरंल!’’ हे म्हणाले.

‘‘आवं, आपण तरी काय करतो? साडी नेसतो, सदरा घालतो, फेटा बांधतो. सदरा नेसून दाखवा बघू!’’ मी म्हणाले. ‘‘आन तुमच्या डेन्मार्कात पन्नासला अडीच विसा, म्हंजे अडीच वेळा वीस म्हणत्यात. माझी चुलती बाजारात अंडी अशीच मोजायची. तिला कुणी साहेबीण म्हटलं न्हाई.’’

‘‘म्हंजे भाषा आपलीच की गं!’’ हे उलट खूश झाले. या माणसाशी भांडणातसुद्धा जिंकता येत नाही.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, पण मुलीला मुलगी झाली आणि माझ्या जिवाला घोर लागला. नवाहो लोकांत एक रीत आहे. तान्ह्या बाळाला जो पहिल्यांदा खळखळून हसवेल, त्यानं बाळाच्या नावानं जेवण घालायचं आणि बाळाच्या हातून प्रत्येकाला मीठ द्यायचं. म्हणजे बाळ उदार मनाचं होतं म्हणे. हातावर मीठ दिलं की भांडण होतं, असं आमच्याकडे मानतात. पण मी ठरवलं, झालं तर होऊ दे भांडण, हा मान मला हवा. व्हिसाची तारीख मिळत नव्हती. नातीला मांडीवर घेतलं नव्हतं, न्हाऊ घातलं नव्हतं. निदान तिचं पहिलं हसू तरी माझ्या नावावर असावं, असं फार फार वाटत होतं.

पण माझी विहीण, जावयाची आई, बाळाला सांभाळायला तिथेच राहायला आली होती. दिवसभर मूल तिच्यापाशी. माझ्या वाट्याला सकाळचा एक व्हिडिओ कॉल. त्यात विहीण पडद्याच्या कडेला दगडी चेहऱ्यानं गप्प बसलेली. आमच्याकडे विहीण गप्प बसली की मानपानात काहीतरी राहिलं समजावं. मी दोन साड्या पाठवल्या, तरी गप्पच.

‘‘आई, त्या रुसल्या नाहीत गं. त्यांच्याकडे उगाच बोलत नाहीत,’’ मुलगी सांगायची. मला काही ते पटेना. शिवाय ही बाई एक दिवस नातीला गुदगुल्या करणार आणि माझा मान पळवणार, अशी धास्ती होतीच.

रोज सकाळी मी नातीला नवाहोत हाका मारायचे. गाल फुगवून पाहिले, चमचे वाजवून पाहिले. ती कर्जाचा अर्ज बघणाऱ्या साहेबासारखी बघत राहायची. एके दिवशी मी जिवाच्या आकांतानं तेच कवळीचं अक्षर काढत होते आणि मागे खाटेवर ह्यांनी डॅनिशचा सूर लावला. एकच वाक्य, पुन्हा पुन्हा, घशातल्या घशात. माझा पारा चढला.

‘‘आवं, बंद करा की ती गुळणी! लय झालं! डेन्मार्कातली म्हस तरी वळंल का तुमच्याकडं?’’

आणि पोरगी हसली. अशी हसली की तिचं सगळं अंग हललं.

‘‘माझ्या डॅनिशला हसली!’’ हे खाटेवरून उठले. ‘‘जेवण मी घालणार!’’

‘‘डॅनिश ऐकून कोण हसतंय! मी बोलले तवा हसली!’’

आम्ही दोघं हातघाईवर आलो, तशी ती आणखीच हसायला लागली. मुलगी डोळे पुसत म्हणाली, ‘‘थांबा, आता आमच्या सासूबाईच सांगतील.’’

विहीण कडेवरून पडद्याच्या मध्ये सरकली. ती लोकं बोट दाखवत नाहीत. तिनं ओठांचा चंबू करून माझ्याकडे दाखवलं. मग नवाहोत सावकाश बरंच काही बोलली. एवढं बोलताना मी तिला प्रथमच ऐकत होते आणि त्यातलं मला अक्षर कळलं नाही.

मुलगी मराठीत सांगू लागली. ‘‘आई, त्या म्हणतायत, मी इतके दिवस बाळासमोर तोंड घट्ट मिटून बसले. हसू यायचं, तर उठून बाहेर जायचे. मी जवळ आहे, हिचं पुढचं सगळं हसणं मलाच मिळणार आहे. पहिलं लांबच्या आजीचं.’’

मी तिथेच फोनसमोर हमसून हमसून रडायला लागले. आणि माझं ते वेडंवाकडं तोंड बघून नात पुन्हा हसली. या वेळी विहीणही तिच्याबरोबर मोठ्यानं हसली.