रोह्याची भंगारकाकी

अख्ख्या पेण तालुक्यात कॉम्प्युटर माझ्याइतका जपून वापरणारा माणूस सापडायचा नाय. चार महिने मी त्याच्यावर फक्त ओला टॉवेल वाळत घातला. भंगारकाकीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "टॉवेल तरी नीट वाळला का रे?"

बाई अशीच होती. साठीची, अंगानं काडी, आणि खांद्याला कायम एक पिशवी. पिशवीत सायकलीला हवा भरायचा पंप. सायकल तिच्याकडे कधीच नव्हती. पंप कॉम्प्युटरसाठी होता. कोणाचंही मशीन दिसलं की ती पाठीमागचं झाकण उघडायची आणि पंपानं धूळ उडवायची. घरवाल्यांना विचारायची पद्धत नव्हती.

भंगारकाकी हे नाव रोह्याच्या लोकांनी ठेवलं. ती चिडायची नाय, उलट कोणी नवीन भेटलं की आपणच सांगायची. धाटावला कुठल्याशा कंपनीत ती ऑफिसात टायपिंग करायची. "कंपनीनं मला आणि माझ्या कॉम्प्युटरला एकाच महिन्यात भंगारात काढलं. मी दोघांना उचलून घरी आणलं. दोघं अजून चालतात."

आता माझं सांगतो. मी गणपतीच्या कारखान्यात कामाला. डोळ्यांची आखणी करणारे कारागीर वेगळे, त्यांना मालक चहा आधी देतो. मला मालक उंदीर रंगवायला देतो, तोही पाठीमागून. एका वर्षी माणूस कमी पडला म्हणून मूर्तीच्या खोक्यांवर चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडे आलं. कोणाची मूर्ती, किती उंच, पितांबर कुठल्या रंगाचं. माझी शाळा तिसरीत संपली, हे मी मालकाला सांगितलं नाय, आणि मालकानं विचारलं नाय. नाशिकचा गणपती नागपूरला गेला. नागपूरचा कुठं गेला ते अजून कळलेलं नाय.

पुढच्या मोसमाआधी मालक म्हणाला, "आता याद्या आणि चिठ्ठ्या कॉम्प्युटरवर." माझी बायको सुलभा दहावी झालेली, टायपिंगचा क्लासही केलेला. दहा वर्षं ती असल्या एखाद्या कामाची वाट बघत होती. तिनं मालकाला सांगितलं, "आमच्या घरी कॉम्प्युटर हाय, मी करते." मालक म्हणाला, "सोमवारी पहिला ट्रक भरायचाय. सकाळी यादी आणि चिठ्ठ्या दाखव. नाय जमलं तर पनवेलचा एक पोरगा लॅपटॉप घेऊन यायला तयार हाय."

टॉवेल काढला. मेव्हण्यानं त्याच्या घरात जागा अडते म्हणून दिलेलं मशीन ते. बटण दाबलं की सुलभा भाताचा कुकर लावायची. तिसरी शिट्टी झाली की पडद्यावर चित्र यायचं. चौथ्या शिट्टीला ते जायचं.

शुक्रवारी मी ते उचलून बाजारात दुकानात नेलं. दुकानदारानं हातसुद्धा लावला नाय. म्हणाला, "टाकून द्या, नवीन घ्या." नवीन घेणं आमच्या ऐपतीतलं नव्हतं. मी मान खाली घातली. तेवढ्यात शेजारी खांद्याला पिशवी लावून स्क्रू मागायला उभी असलेली एक बाई म्हणाली, "उघडून न बघता कसं सांगितलंस रे?"

दुकानदार म्हणाला, "काकी, जुनं हाय ते."

"जुनं हाय म्हणजे काय झालं, हे मी विचारलं. त्याचं वय नाय विचारलं."

दुकानदारानं तिचे स्क्रू मोजून दिले. बाई माझ्याकडे वळली. "उचल. घर कुठंय तुझं?"

घरी येऊन तिनं झाकण उघडलं आणि हसायलाच लागली. माझ्या कपड्यांना चिकटून घरात येणारं प्लास्टर पंख्यात घट्ट बसलं होतं. "अरे, ह्याच्या पोटात अर्धा गणपती हाय!" मग पंप मारला. मी समोर वाकून बघत होतो. सुलभा म्हणते, तेवढा गोरा मी लग्नातही दिसलो नव्हतो.

काकीचा नियम होता: आधी फुकटचं करायचं, मग घरातलं वापरायचं, आणि विकत घ्यायचं ते सगळ्यात शेवटी. फुकटचं म्हणजे सफाई. मेव्हण्यानं त्यात नाय नाय ते प्रोग्रॅम भरून ठेवले होते. "बटण दाबल्याबरोबर अठरा जण एकदम उठतात नि दारात अडकतात," काकी म्हणाली. "मशीन म्हातारं नाय झालं. त्याच्या डोक्यावर बिनकामाचं ओझं हाय." ते एकेक काढायला तिनं सुलभाला बसवलं. घरातलं म्हणजे तिच्या भंगारातली रॅमची एक पट्टी. आणि विकत घेतली फक्त एक छोटी एसएसडी, आतल्या जुन्या डिस्कच्या जागी बसवायला. तेवढं आम्हाला झेपलं.

शनिवारी संध्याकाळी एकच काम उरलं. आत मेंदूची चिप असते, तिच्यावर पेस्ट लावून पंखा बसवायचा, म्हणजे चिप तापत नाय. जुनी पेस्ट वाळून गेली होती आणि काकीची ट्यूब संपली होती. रोह्याची गाडी पकडायला निघताना ती मला म्हणाली, "पेस्ट उद्या आणते. तोवर हात लावायचा नाय."

मी विचार केला, पेस्टसाठी ही बाई रोह्याहून परत येणार? आमच्या कारखान्यात पेस्टचा डबा भरलेला असतो. मूर्तीचा हात शेजारच्या मूर्तीच्या सोंडेला लागून तुटला तरी आम्ही पेस्ट लावून असा बसवतो की भक्ताला कळत नाय. मी वाटीभर आणली, चिपवर चांगली जाड थापली, वर पंखा दाबला आणि कडेनं बोट फिरवून फिनिशिंगसुद्धा दिलं. आयुष्यात एवढं सफाईदार काम मी केलं नव्हतं.

रविवारी सकाळी सुलभानं बटण दाबलं. चित्र आलं, पटकन आलं. ती हसली. मग मशीन बंद पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा बंद. ती माझ्याकडे बघत म्हणाली, "अहो, तुम्ही काय केलंत?" त्या वेळी मला उंदराच्या पाठीमागं लपावंसं वाटलं.

काकी आली. तिनं पंख्याच्या कडेला नख लावून बघितलं, वास घेतला, आणि मला विचारलं, "हिला रंग कधी देणार?"

मग ओरडली नाय. सुलभाला म्हणाली, "पंखा ओढला तर चिप उपटून यायची. माझा हात आता थरथरतो. तुझा हलका हाय गो, तू कर."

"काकी, माझ्या हातनं मोडलं तर?"

"तर मोडलं. न करता पनवेलच्या पोराला काम दिलंस, तरी ते गेलंच की."

सुलभानं गजऱ्याचा दोरा घेतला. पंखा आणि चिप यांच्या मधल्या फटीत घातला आणि इकडून तिकडे हळूहळू ओढत राहिली. पेस्ट जाड थापल्यामुळे आत ओलसर राहिली होती. माझ्या अडाणीपणाचा तेवढाच उपयोग. दोन तास गेले. मी मदतीला वाकलो की दोघी एकदम म्हणायच्या, "लांब बस." शेवटी पंखा सुटला. चिप जागेवर होती. सुलभानं ती स्पिरिटनं पुसली आणि खरी पेस्ट लावली. वाटाण्याएवढी. मी वाटीभर लावली होती.

रात्रभर बसून सुलभानं यादी नि चिठ्ठ्या तयार केल्या. सोमवारी आम्ही तिघांनी मशीन कारखान्यात नेलं. मालक म्हणाला, "हा डबा? बाई, लोक नवीन लॅपटॉप आणतात."

काकी त्याच्यासमोर उभी राहिली. त्याच्या खांद्यालाही पोचत नव्हती. "मालक, गिऱ्हाईक खोक्यावरचं नाव वाचणार की ते कुठल्या मशीनवर छापलं ते विचारणार? यादी बघा. चुकली तर आम्ही डब्यासकट जातो."

मालकानं यादी बघितली. मोबाइलवरच्या ऑर्डरी लावून दोनदा बघितली. एक चूक सापडली. ती मालकानं स्वतः पाठवलेल्या ऑर्डरीत होती, आणि सुलभानं तिच्यापुढं प्रश्नचिन्ह टाकून ठेवलं होतं. मालकानं मोबाइल खिशात टाकला. मग म्हणाला, "ट्रक भरायला घ्या."

त्या मोसमात एकही गणपती चुकला नाय. पनवेलचा पोरगा आलाच नाय. काकी मात्र दर मंगळवारी यायची. ती आणि सुलभा लोकांनी टाकलेली मशीनं उघडून बसायच्या. गागोद्याच्या एका बाईनं त्यातलंच एक नेलं, आता ती गावातले फॉर्म भरून देते. काकी ज्याला त्याला ऐकवायची, "टाकलं म्हणजे संपलं, हे टाकणारा ठरवतो. चालायचं की नाय ते आपण ठरवू." मी हे मित्रांना माझं म्हणून सांगायचो. कोणाला पटायचं नाय.

ह्या वर्षी तिच्या गुडघ्यांनी दगा दिला. मुलगी तिला आपल्याकडे कोल्हापूरला घेऊन गेली. आम्ही रोह्याला पोचवायला गेलो. सुलभा तिचा हात सोडत नव्हती. दोघींच्या डोळ्यांना पाणी. मला वाटलं, आपण पुरुष माणूस, धीर द्यायला पाहिजे. मी छाती पुढं काढून म्हणालो, "काकी, तू काय काळजी करू नको. इथलं कुठलंबी मशीन बिघडलं तर मी हाय ना!"

काकीनं डोळे पुसले आणि माझ्याकडे नीट बघितलं.

"तू हायस म्हणूनच तर बिघडतं रे."