सडपातळ घरातली मी

आमच्या घरात चौघांपैकी तिघं सडपातळ आणि मी जाड. अंगानं भरलेली, सुदृढ, हाडापेरानं मोठी वगैरे नाही, सरळ जाड. हा शब्द मी आता सहज उच्चारते. लहानपणी तो माझ्याबद्दल नेहमी दबक्या आवाजात बोलला जायचा, आणि मला शब्दापेक्षा त्या दबक्या आवाजाचाच जास्त त्रास व्हायचा.

वडील मूळचे साताऱ्याकडचे, बेलापूरच्या एका कचेरीतून निवृत्त झालेले. पाठमोरे पाहिले तर अजून कॉलेजातला मुलगा वाटतात. चार पुरणपोळ्या खातील, वर वाटीभर दूध पितील, आणि कमरेचा पट्टा त्याच भोकात राहील. आईचंही तेच. ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. तिनं स्वतःच्या साखरपुड्यात आईचा लग्नातला ब्लाउज घातला, एक टाका उसवावा लागला नाही. नेरूळच्या आमच्या फ्लॅटमध्ये कपडे असे या कपाटातून त्या कपाटात फिरायचे. माझ्या कपाटात त्यातलं काही कधी आलं नाही.

मी कुणावर गेले, हा घरातला जुना प्रश्न. वडिलांची एक आत्या जाड होती म्हणे. मी तिला कधी पाहिलं नाही, पण माझ्या अंगाचं खापर वर्षानुवर्षं तिच्यावर फुटत आलं.

आई दुष्ट नव्हती, हे आधी सांगते. तिनं माझ्या बारावीला तीन महिने माझ्यासोबत पहाटे उठून चहा केला आहे. पण जेवताना ताईला ती तिसरी पोळी आग्रहानं वाढायची आणि माझ्यापर्यंत आली की डबा बंद व्हायचा. पाहुणे आले की माझी ओळख करून देताना कुणी काही विचारायच्या आत म्हणायची, "ही धाकटी. खाणं तसं काही नाही हो हिचं." पाहुणे मग माझ्याकडे नीट बघायचे.

मी शिकले, वाशीच्या एका कॉलेजात गणित शिकवायला लागले. सत्तर मुलांसमोर फळ्याशी उभं राहिलं की पहिली पाच मिनिटं ती तुमचं अंग बघतात, नंतर गणित बघतात. त्या पाच मिनिटांची मला कधी भीती वाटली नाही. लग्न केलं नाही. ते माझ्या जाडीमुळे राहिलं अशी घरच्यांची समजूत आहे. दोन मुलगे मी स्वतः नाकारले होते, पण ते सांगत बसायचा मला कंटाळा येतो.

पोहायला मी अडतिसाव्या वर्षी गेले. वजन कमी करायला नव्हे. कॉलेजातून घरी येताना एका पोहण्याच्या तलावाच्या भिंतीवरून पाण्याचा आणि बायकांच्या हसण्याचा आवाज यायचा, तो रोज ऐकून ऐकून एक दिवस रिक्षा थांबवली. दुपारी चारला लेडीज बॅच असते, असं खिडकीतल्या माणसानं सांगितलं.

पोहण्याचा पोशाख घ्यायला वाशीत तीन दुकानं फिरले. तिसऱ्या दुकानातली मुलगी चांगली होती, तिनं सगळे खण उघडून पाहिले आणि म्हणाली, "मॅडम, तुमच्या साइजमध्ये बनवतच नाहीत बहुतेक." शेवटी ऑनलाइन मागवला. गुडघ्यापर्यंत पायांचा, गडद निळा. तो घालून खोलीत आरशासमोर उभी होते तेवढ्यात आई इस्त्रीचे कपडे घेऊन आत आली.

"हे घालून बाहेर जाणार तू?"

"हो."

"लोक काय म्हणतील?"

"पाण्यात गेल्यावर फक्त डोकं दिसतं, आई."

पाण्यापर्यंत पोचायला मात्र कपडे बदलायच्या खोलीपासून वीस पावलं होती, आणि ती वीस पावलं सोपी नव्हती. काठावर बसलेल्या दोघी बोलता बोलता थांबल्या. मी टॉवेल गुंडाळून घ्यायला हात वर नेला आणि मग खाली सोडला. एकदा गुंडाळला असता तर रोज गुंडाळावा लागला असता.

शिकवणाऱ्या बाई सारसोळ्याच्या, कोळी समाजातल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, सावळ्या, काटक. लहानपणी खाडीत पोहायला शिकलेल्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, पण बाजारात मासा बघतात तसं, कामापुरतं.

"पान्याची भीती हाय?"

"माहीत नाही. कधी उतरले नाही."

"मग ये."

त्यांनी मला पाठीवर झोपायला सांगितलं, मानेखाली एक हात, कमरेखाली एक हात. "अंग सैल सोड. मी हाय ना." मी डोळे मिटले. थोड्या वेळानं त्यांचा आवाज लांबून आला तेव्हा कळलं की हात केव्हाच काढलेत. मी तरंगत होते. काठावरच्या दोघी आठवडाभर तेच शिकत होत्या आणि त्यांचे पाय बुडत होते.

"सुक्या बायकांना लई मेहनत घ्यावी लागते," बाई म्हणाल्या. "तुला पानी आपसूक उचलतंय. आता हात मारायला शिक."

आयुष्यात पहिल्यांदा माझं अंग एखाद्या कामाला सोयीचं आहे असं मला कुणी सांगितलं होतं, आणि तेही कौतुक म्हणून नव्हे, दोरी लांब आहे किंवा पाटी रिकामी आहे असं सांगावं तसं. मी घरी चालत आले.

सहा महिन्यांत मी न थांबता चाळीस फेऱ्या मारायला लागले. आई दर आठवड्याला विचारायची, "काही उतरलं का?" मी म्हणायची, "चाळीस झाल्या." वजन दोन किलोनं उतरलं आणि दिवाळीनंतर परत जागेवर आलं. दम मात्र वाढला. लिफ्ट बंद असली की सामान मी वर न्यायला लागले.

मग आईचे गुडघे गेले. आधी जिने उतरताना, मग बसता-उठताना. चव्वेचाळीस किलोची बाई, पण सकाळी पलंगावरून उतरताना भिंत धरायची. मी तिला हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. आम्ही आत जाऊन खुर्च्यांवर बसलो. डॉक्टर तरुण होते, घाईत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "गुडघे ना? हे बघा, आधी पंधरा-वीस किलो कमी करावे लागतील. त्याशिवाय मी काय औषध देणार?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. अशी उत्तरं माझ्याकडे तयार असतात. पण आई आधी बोलली.

"डॉक्टर, गुडघे माझे दुखतात. हिला काही झालेलं नाही."

"अच्छा. सॉरी, मला वाटलं—"

"हीच मला धरून घेऊन आलीये. ती रोज तासभर पोहते."

डॉक्टरांनी फाइल उघडली. मी टेबलावरच्या प्लास्टिकच्या सांगाड्याकडे बघत राहिले. माझ्या तोंडावर काय दिसत होतं, ते मला आईला दाखवायचं नव्हतं. एक्स-रे बघून डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, काही व्यायाम दिले आणि म्हणाले की पाण्यात चाललात तर सगळ्यात उत्तम.

आईनं पंधरा दिवस नाही म्हटलं. या वयात ते कपडे घालून मी जाणार नाही, हे तिचं पालुपद. वडील पेपरमागून एकदाच म्हणाले, "धाकटी जाते की. तुला काय झालं?" त्यानंतर ती तयार झाली. तिच्या मापाचा पोशाख पहिल्याच दुकानात मिळाला.

त्या वीस पावलांवर आईनं माझा दंड घट्ट धरला. तिचे हात, तिचे पाय इतके बारीक आहेत हे मला साड्यांमधून कधी दिसलंच नव्हतं. पाण्यात उतरताच ती कुडकुडायला लागली. छातीपर्यंत पाणी आलं तशी घाबरली, पाय घसरला, आणि तिनं दोन्ही हात माझ्या गळ्यात टाकले.

"सोडू नकोस हं."

"नाही सोडत. चाल. एक पाऊल."

मी पाय रोवून उभी राहिले. ती मला धरून एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत चालली, मग परत. शेवटी बाईंनी सांगितलं, तिला पाठीवर झोपव. मी एक हात तिच्या मानेखाली घातला, एक पाठीखाली. तिचं वजन जवळजवळ लागतच नव्हतं, पण हात जरा सैल केला की पाय खाली जायचे. मग मी हात सैल केला नाही. बऱ्याच वेळानं तिच्या कपाळावरची आठी गेली.

कपडे बदलायच्या खोलीत ती केस पुसत बाकावर बसली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला वाटायचं, लोक तुला बोलतील. म्हणून मीच आधी बोलायचे."

"लोक कधीतरी बोलायचे, आई. तू रोज बोलायचीस."

हे मी रागानं म्हटलं नाही. मला ते बरीच वर्षं तिला सांगायचं होतं आणि त्या दिवशी सरळ सांगता आलं, एवढंच. तिनं टॉवेलची घडी घातली, मोडली, परत घातली. मग म्हणाली, "हो. बोलायचे."

सवय एका दिवसात जात नाही. मागच्या महिन्यात ताईच्या मुलीला ती म्हणाली, "अगं, किती गोल झालीस." मी स्वयंपाकघरातून म्हटलं, "आई." तिनं विषय बदलला.

गुडघे पूर्ण बरे झालेले नाहीत, होणारही नाहीत. पण भिंत सुटली आहे. गेल्या आठवड्यात माझी परीक्षेची ड्युटी होती, म्हणून आज राहू दे असं तिला सांगून गेले होते. संध्याकाळी घरी आले तर तिचे केस ओले. एकटीच रिक्षा करून गेली होती.

"बाईंनी धरलं का?" मी विचारलं.

"त्या नव्या बायकांना शिकवत होत्या. मी काठाची दांडी धरून पाच वेळा गेले-आले," ती म्हणाली आणि केस सुकवायला गॅलरीत गेली.