उजव्या बाजूचा कोरा रकाना

श्री. अच्युतराव निमोणकर पंचाहत्तरी पूर्ण करीत आहेत. आमच्या दैनिकात त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ दर रविवारी चित्रपट परीक्षणाचा स्तंभ लिहिला, आणि त्यातील बरीच वर्षे मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसून हे काम शिकलो. या गौरवग्रंथात त्यांच्या परीक्षणपद्धतीविषयी लिहावे, अशी संपादक मंडळाची सूचना आहे. ती मी आनंदाने पाळणार आहे. मात्र त्याबरोबर मला एक जुनी चूक दुरुस्त करायची आहे. ती कोणाची होती, हे आजवर दोन-चार जणांनाच ठाऊक आहे.

सरांची आणि माझी पहिली भेट झाली ती माझ्याच आगाऊपणामुळे. महाविद्यालयातून नुकताच बाहेर पडलो होतो. चित्रपटाच्या रसास्वादाचा एक वर्ग केला होता, चार इंग्रजी पुस्तके वाचली होती आणि एका चित्रपटावर बावीस पानांचे परीक्षण लिहून ते बगलेत मारून मी थेट कार्यालयात गेलो. सरांनी सगळी पाने शांतपणे वाचली. मग चष्मा काढून म्हणाले, "चित्रपट अडीच तासांचा आहे. परीक्षण वाचायला तीन तास लागतील. तुम्ही किती वेळा पाहिलात?"

"एकदा, सर. पण अगदी लक्षपूर्वक."

"अहो, एकदा तर तिकिटं फाडणाराही पाहतो, आणि तोही लक्षपूर्वक. दोनदा पाहून या. मग बोलू."

मी पुन्हा पाहिला आणि बावीस पानांची चार झाली. त्या चार पानांवर मला उपसंपादकाची जागा मिळाली.

सरांची पद्धत समजावून सांगणे हा माझ्या आवडीचा विषय आहे, कारण ती दिसायला साधी आणि पाळायला फार कठीण आहे. शुक्रवारी ते पहिला खेळ सर्वांसारखा, मधल्या रांगेत बसून पाहत. त्यानंतर दुसऱ्या खेळाचे तिकीट काढीत, ते मात्र अगदी पुढच्या रांगेतील भिंतीकडेचे. तिथे ते पडद्याला जवळजवळ पाठ करून तिरके बसत आणि प्रेक्षकांचे चेहरे पाहत. त्यांच्या वहीच्या प्रत्येक पानावर मधोमध उभी रेघ असे. डाव्या रकान्यात पडद्यावर काय घडले ते, उजव्या रकान्यात त्याच वेळी खुर्च्यांमध्ये काय घडले ते. लोक कुठे हसले, कुठे खोकले, कुठे चपला शोधू लागले, याच्या नोंदी त्या रकान्यात असत. दोन्ही रकाने भरल्याखेरीज ते मत लिहीत नसत.

याचा अर्थ सर गर्दीच्या मागे जात, असा मुळीच नाही. टाळ्यांनी दणाणलेल्या कितीतरी चित्रपटांना त्यांनी दोन वाक्यांत निकालात काढले आहे. त्यांचे म्हणणे एवढेच की, निकाल देणाऱ्याने दोन्ही बाजूंचे ऐकलेले असावे. वाचकांनाही ते याच न्यायाने वागवीत. एका ग्रामीण चित्रपटातील वास्तवदर्शनाची त्यांनी तोंड भरून स्तुती केली होती. त्यावर कात्रजहून एका दूधवाल्या गृहस्थांचे कार्ड आले: "आपल्या वास्तवदर्शी नायिकेने रेडकू न सोडताच म्हशीची धार काढली. आमच्या म्हशींना हे वास्तव अजून कळलेले नाही." कार्यालयात आम्ही हसलो. सर दुसऱ्या दिवशी पहाटेची बस धरून कात्रजला गेले, त्या गृहस्थांच्या गोठ्यात तासभर उभे राहिले आणि पुढच्या रविवारी त्यांच्या नावानिशी ती दुरुस्ती छापली. सरांचा नियम असा की, चूक जिथे छापली तिथेच आणि तेवढ्याच जागेत दुरुस्ती छापायची.

आता त्या चुकीविषयी.

चित्रपट रिळांच्या डब्यांतून येत असत, त्या काळातली गोष्ट. सरांच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली होती आणि डॉक्टरांनी त्यांना आठवडाभर घरी बसवले होते. स्तंभ बंद ठेवणे सरांना मान्य नव्हते. त्यांनी मला बोलावले. "तुम्ही लिहा. स्तंभाच्या डोक्यावर माझं नाव राहील. एकच सांगतो, दोन्ही खेळ पाहा."

त्या शुक्रवारी विश्रांतवाडीकडच्या एका शेतकरी कुटुंबातील दत्तात्रय गायखे या तरुण दिग्दर्शकाचा पहिला चित्रपट लागला होता. बाराचा खेळ मी पाहिला. मध्यंतरानंतर नायकाचे वडील वारल्याचे कळते, त्यांचे दिवस होतात, आणि लगेच पुढच्या प्रसंगात तेच वडील ओट्यावर बसून चहा पिताना दिसतात, शेतावर जातात आणि बांधावर कोसळतात. मी मनाशी म्हटले, कळले! कालक्रमाची मोडतोड! माझ्या चार पुस्तकांत हे सगळे होते. तीनच्या खेळाला थांबण्याची मला गरज वाटली नाही. मी कार्यालयात येऊन लिहिले की, परदेशी दिग्दर्शकांची ही उसनी नक्कल असून साधी गोष्ट सरळ सांगण्याचे धैर्य या दिग्दर्शकापाशी नाही. परीक्षण रविवारी सरांच्या नावाखाली छापून आले.

सोमवारी सकाळी सरांचा निरोप आला. घरी गेलो तेव्हा सुमतीवहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, ते परीक्षण त्यांना दुसऱ्यांदा वाचून दाखवीत होत्या. सरांच्या एका डोळ्यावर पट्टी होती.

"वडील चहा पितात, तेव्हा लोक काय करत होते?" त्यांनी विचारले.

मी वही उघडली. उजवा रकाना कोरा होता. "ओरडत होते, सर."

"काय ओरडत होते?"

"'म्हातारा उठला रे', असं काहीतरी."

सरांनी पायांत चपला सरकवल्या. मग म्हणाले, "म्हणजे त्यांना कळलं आणि आपल्याला नाही. सातपुते, रिक्षा बोलवा."

वहिनी म्हणाल्या, "अहो, डॉक्टरांनी आठवडा सांगितलाय."

"एका डोळ्याला सांगितलाय. दुसरा मोकळाच आहे."

पूर्व भागातील त्या चित्रपटगृहात शब्बीरभाई तांबोळी प्रक्षेपण सांभाळीत. त्यांच्या घरात तीन पिढ्यांपासून हेच काम चालत आले होते. आम्हाला पाहताच ते हसू लागले. "या साहेब! काल पेपर वाचला आणि मला वाटलं, मीच मोठा दिग्दर्शक झालो! परदेशी नक्कल म्हणे. अहो, ती नक्कल मी केलेली! डब्यांवरचे नंबर चुकीचे आले होते. नऊच्या जागी दहावं रीळ लागलं. पब्लिकनं बोंब मारली, तीनच्या खेळाला सरळ केलं. तीनला आला असतात, तर सगळं जागेवर दिसलं असतं."

मी जमिनीकडे पाहत होतो. सर एवढेच म्हणाले, "बरोबर आहे तुमचं."

बाहेर भित्तिपत्रकापाशी गायखे उभे होते. रविवारचे परीक्षण वाचून व्यवस्थापकांनी गुरुवारनंतर चित्रपट उतरवायचे ठरवले होते. पहिला चित्रपट आठवड्यात उतरला, तर दुसरा त्यांच्या हाती कोण देणार होते? सरांनी आपले नाव सांगितले. गायख्यांनी नमस्कार केला आणि खालच्या आवाजात म्हणाले, "साहेब, त्यो बाप आमचाच हाय. चा पिऊन शेतावर गेला आन् मग वारला. जसं झालं तसंच दावलंय. आधीचं मागं मी काय केलं न्हाई."

आम्ही तीनचा खेळ पाहिला. सर एका डोळ्याने पडद्याकडे पाहत होते, मी पुढच्या रांगेतून चेहरे पाहत होतो. वडील चहाची बशी ओट्यावर ठेवून निघतात, तेव्हा कोणी ओरडले नाही. पुढच्या रिळात ती बशी घरातली सून उचलते, आणि त्या वेळी मागच्या रांगेतल्या एका बाईंनी पदर तोंडाला लावला. मी उजव्या रकान्यात ते लिहिले. शुक्रवारी तीनला बसलो असतो, तर हेच वाक्य रविवारी छापले गेले असते.

कार्यालयात परतल्यावर मी म्हणालो, "सर, दुरुस्ती माझ्या नावाने जाऊ द्या."

"स्तंभाच्या डोक्यावर नाव कोणाचं आहे?"

"आपलं."

"मग चूकही त्याचीच. तुमचं नाव अजून व्हायचंय. ते चुकीपासून सुरू करायला नको."

मुख्य संपादकांना दुरुस्ती आतल्या पानावर तीन ओळींत हवी होती, तीही रविवारी. "लोक हसतील, अच्युतराव," ते म्हणाले. सर म्हणाले, "हसू देत. पण रविवारपर्यंत चित्रपट उतरलेला असेल, मग दुरुस्तीचा काय उपयोग?" बुधवारी सकाळी रविवारचे परीक्षण होते त्याच पानावर, तेवढ्याच लांबीचे नवे परीक्षण आले. सुरुवातीचे वाक्य होते: "या चित्रपटाविषयी रविवारी मी जे लिहिले ते चुकीचे होते, कारण मी तो पुरता पाहिलेला नव्हता." रिळांची अदलाबदल त्यांनी पुढे सविस्तर सांगितली; मात्र त्या शुक्रवारी आपण घरी अंथरुणावर होतो, हे त्यांनी त्यात कुठेही लिहिले नाही.

चित्रपट गुरुवारी उतरला नाही. तो आणखी दोन आठवडे चालला. फार नव्हे, पण गायख्यांना दुसरा चित्रपट मिळण्यापुरता चालला. त्यानंतरचे त्यांचे काम आपण सारे जाणतोच. हसणाऱ्यांनी मात्र सरांना सोडले नाही. सदाशिव पेठेतून एका वाचकाने विचारले, "आपल्या लेखातील परिच्छेद क्रमाने लागले आहेत, की आम्ही दुसरा खेळ वाचावा?" सभांमधून, लग्नकार्यांतून, "काय अच्युतराव, रिळं तपासली का?" हा प्रश्न त्यांनी वर्षानुवर्षे ऐकला. प्रत्येक वेळी ते हसून म्हणत, "तपासतो आता." मी शेजारी उभा असे आणि गप्प राहत असे. आरंभी भीतीमुळे, पुढे सवयीमुळे.

म्हणून आज, श्री. गायखे यांच्यासह सर्व वाचकांसाठी लिहितो: ते परीक्षण निमोणकर सरांनी लिहिलेले नव्हते. ते मी लिहिले, आणि एकच खेळ पाहून लिहिले. सरांना विचारून हे लिहीत नाही, कारण त्यांनी नको म्हटले असते. त्यांच्याच नियमाप्रमाणे त्या रविवारच्या परीक्षणाला मिळाली होती तितकी जागा मी संपादक मंडळाकडे मागितली होती. त्यांनी तिच्याहून अधिक दिली, याबद्दल त्यांचा आभारी आहे.

सर आजही शुक्रवारी चित्रपटाला जातात. मागच्या महिन्यात हिंजवडीच्या एका नव्या चित्रपटगृहात आम्ही सोबत गेलो. तिथे ना रीळ, ना डबा. चित्रपट संपला, मी उठलो. सर खुर्चीतच होते. "सातपुते, पुढच्या रांगेतलं भिंतीकडचं तिकीट मिळतंय का पाहा."

ज्यांनी एकदा पाहून कधी मत दिले नाही, त्यांच्याविषयी मी तरी एकदा पाहून मत कसे द्यावे? ही पंचाहत्तर वर्षे मी पहिला खेळ समजतो, आणि हा लेख म्हणजे त्याची डाव्या रकान्यातली टिपणे. सरांना उत्तम आरोग्य लाभो, दोन्ही डोळे असेच तीक्ष्ण राहोत आणि दुसरा खेळही त्यांनी निवांत, पूर्ण लांबीचा रंगवावा. मी पुढच्या रांगेत भिंतीकडेला बसून राहीन. उजवा रकाना या वेळी कोरा ठेवणार नाही.