पाद्रीसाहेबांच्या उशीतलं कडं

ही गोष्ट सांगायचं मी आजवर टाळलं. घरात विषय निघाला की उठून अंगणात जायचो. आता अंथरुणाला खिळलोय, म्हणून लिहितो. भूतखेत, करणी यांवर माझा कधीच विश्वास नव्हता... निदान लोकांना मी तसं सांगत आलो.

मी रिसोडचा पिंजारी. दुसऱ्या महायुद्धाच्या थोडं आधी मेडशीजवळच्या एका बंगल्यात अमेरिकन पाद्रीसाहेब आणि त्यांच्या मडमबाई राहत. बाई नर्स होत्या, मराठी छान बोलायच्या. साहेब तापानं बरेच दिवस पडून होते. बाईंनी गाद्या पिंजायला बोलावलं आणि व्हरांड्यात साहेबांची उशी आणून दिली. कापसाची नव्हती. त्यांच्या देशातून आणलेली, बदकाच्या पिसांची.

"करीमभाऊ, हसू नका. आमच्या देशात डोंगरातल्या म्हाताऱ्या सांगायच्या — आजाऱ्याच्या उशीत पिसं आपोआप वळून कडं बनतं. टोकं जुळायच्या आत मोडलं तर माणूस वाचतो. जुळली, की गेला."

"मंग तुमीच पाहा ना, बाई."

"मला हिंमत नाही. आणि साहेब रागावतील, जन्मभर लोकांना असलं सोडा म्हणत आले. दिसलं तर मोडा. एवढंच करा."

त्या आत गेल्या. मी शिवण उसवली, हात घातला आणि थिजलो. तळहाताएवढं कडं! सगळी पिसं एकाच दिशेला वळलेली. दोरा नाही, गाठ नाही. दोन टोकांत बोटभर फट.

घरी माझी बायको जैबुन पोटुशी होती. आम्हा पिंजाऱ्यांना गाद्यांमध्ये कधी लिंबू, कधी टाचण्या सापडायच्या. निघताना ती म्हणाली होती, "बीमाराच्या बिछान्यात काई निघालं तं मोडू नोका. लेकरावर येते."

"तू तं भगतीनच झाली!" म्हणून मी तिला हसलो होतो.

कडं होतं तसं आत ठेवलं. उशी शिवली.

"काई नाई निघालं, बाई."

त्यांनी डोळे मिटून श्वास सोडला. खानसामा सांगत होता, कितीतरी दिवसांनी बाई त्या दिवशी पोटभर जेवल्या.

त्याच आठवड्यात साहेब गेले.

दफन झाल्यावर बाईंनी मला बोलावून माझ्यासमोर उशी कापली. शिवण माझीच होती, टाका हललेला नव्हता. कडं पूर्ण जुळलेलं — टोकं कुठं होती तेही कळेना. मी एक पाऊल मागं सरकलो. बाईंनी मात्र ते छातीशी धरलं.

"मेलेल्याच्या उशीत पुरं कडं निघालं तर तो देवाजवळ पोचला, असंही आमच्याकडे म्हणतात. तुम्ही पाहिलं तेव्हा नव्हतं ना? म्हणजे देवानंच शेवटी घडवलं. तुम्ही साक्षीदार आहात."

"नव्हतं," मी म्हणालो.

पुढं जैबुनचं बाळंतपण त्यांनीच केलं. मुलगी झाली, धडधाकट.

त्यानंतर हजारो उशा उसवल्या. पिसांच्याही काही. तसं कडं परत दिसलं नाही. बंद उशीत ती फट कशी भरली, हे मला अजून सांगता येत नाही.

बाई अमेरिकेला निघाल्या तेव्हा मोटारीत मांडीवर पत्र्याची डबी होती. डबीत ते कडं. मी मोटारीच्या दाराशी उभा राहिलो. वाक्य वाटेभर घोकत आणलेलं...

"पोरीला जपा, करीमभाऊ," बाई म्हणाल्या आणि मोटार हलली.

बाई, कडं तवाच होतं. बोटभर उघडं होतं. मी भेलो. मले माफ करा.