मागचा डावा कोपरा

डेल्बर्ट हर्शबर्गर जुना ट्रेलर तपासायला निघाला, की धुतलेले मोजे घालतो. बूट दाराशी काढायचे आणि डोळे मिटून आत सावकाश फिरायचं. कुजलेली फळी तळव्याला आधी कळते, असं त्याचं म्हणणं. एल्कार्टच्या कारखान्यात त्याने एकतीस वर्षं हेच बांधले, गाडीमागे ओढत न्यायचे, झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेले ट्रेलर. आता आमच्याकडे कुणाला जुना घ्यायचा असेल तर किंमत डेल्बर्टने सांगायची, आणि ती सगळ्यांनी मानायची.

मी शाळेची बस चालवायचे. निवृत्त झाले, घर विकायला काढलं आणि उरलेलं आयुष्य चाकांवर काढायचं ठरवलं. पोरं म्हणाली, आईचं डोकं फिरलंय. गोशेनजवळ मक्याच्या शेतात अठ्ठावन्न सालचा एक ट्रेलर उभा होता, तो बघायला मी शेजारच्या डेल्बर्टला घेऊन गेले. यात फसले असते तर दुसरं छप्पर घेण्याची माझी ऐपत नव्हती.

चाकं, सांगाडा, छत सगळं बघून डेल्बर्ट मागच्या पलंगावर आडवा झाला. हीही त्याची पद्धत. पडद्यातून पिवळं ऊन येत होतं, बाहेर मका सळसळत होता. ट्रेलर उभ्या जागी हळूहळू चालू लागलाय, असं मला वाटायला लागलं.

"आजोबा बघायला आलेत की झोपायला?" मालक रस्टिन म्हणाला. तिशीतला होता, घाईत होता.

"हा झोपूनच बघतो," मी म्हटलं.

"मागच्या डाव्या कोपऱ्यात पाणी मुरलंय," डेल्बर्ट डोळे न उघडता म्हणाला. "वास येतोय."

त्याने उठून तिथली फळी काढली. आतलं लाकूड काळं पडलेलं. पेचकस टोचला तर मुठीपर्यंत आत गेला.

रस्टिनने वाकून पाहिलं. "पत्र्याच्या सांध्यात पाणी अडवणारी पुट्टीच नाही. कुठल्या गाढवाने केलंय हे?"

कारखान्यात जो भिंत बसवी, तो आतल्या लाकडावर पेन्सिलीने नाव लिही. डेल्बर्टने बॅटरी मारली. वाचलं. मग तो पलंगाच्या कडेवर बसला.

"मी," तो म्हणाला. "हे गाढव मीच."

वाकलेला रस्टिन सरळ उभा राहिला.

"शुक्रवार होता. एवढाच कोपरा उरला होता. दवाखान्यातून निरोप आला, बायकोचं, आयलीनचं, बाळंतपण अडलंय. पुट्टीचा डबा तिथेच टाकून पळालो. पाऊण तास बोलली माझ्याशी. मग गेली." त्याने सांध्यावरून बोट फिरवलं. "कोपरा भरून गेलो असतो, तर भेटली नसती."

वीस वर्षांच्या शेजारात मला एवढंच ठाऊक होतं, की मुलगी त्याने एकट्याने वाढवली. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

रस्टिनला नऊ हजार डॉलर हवे होते. डेल्बर्टने साडेपाच सांगितले. "कोपरा मी करून देईन. त्याचे पैसे नाहीत."

"घेऊ ना रे?" मी विचारलं.

"घे. बाकी सगळं मन लावून केलं होतं."

पुढच्या आठवड्यात माझ्या अंगणात त्याने कुजकं काढून नवं लाकूड बसवलं, आणि पुट्टीचा डबा उघडला. बोटभर लावायची, अंगठ्याने दाबायची, पुन्हा बघायची. कॉफी निवली म्हणून मी दोनदा हाक मारली.

"थांब गं जरा," डेल्बर्ट म्हणाला. "आज मला कुठे जायचंय?"