इंटरकॉमवर बाबा

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांबद्दल मला कधीच आदर नव्हता. आजही नाही. मी ऑफिसांच्या फोन सिस्टिम बसवणारा माणूस. वायर तुटली की आवाज बंद, एवढीच माझी श्रद्धा. तरी हे लिहितोय...

बिबवेवाडीत एका सॉफ्टवेअर कंपनीचं ऑफिस होतं. खाली फरश्यांचं दुकान, वर हे ‘ग्लोबल’! मोबाईल फक्त मालकाच्या कमरेला, असा तो काळ. तिथल्या ईपीएबीएक्सचं – म्हणजे ऑफिसच्या आतल्या एक्स्चेंजचं – प्रोग्रॅमिंग माझ्याकडे. कुठल्या टेबलावरून कुठवर फोन लागावा, हे पर्सोनेल मॅनेजर ठरवणार. त्यांना आपण देशमाने म्हणू; खरं नाव सांगण्याइतके ते मोठे नाहीत. स्वतःला त्यांनी आयएसडी घेतलं – परदेशात ओळखीचं कुत्रंही नसताना. अकाउंट्सच्या मंगलताईंना मात्र फक्त इंटरकॉम.

मंगलताई वर्ध्याकडच्या. गावी वडील अंथरुणाला खिळलेले. एका दुपारी माझ्यासमोरच त्यांनी विचारलं, "सर, एक एसटीडी लावू द्याल? गावच्या पोस्टात निरोप ठेवते. नाहीतर रजा तरी..."

"हे ऑफिस आहे, धर्मशाळा नाही," देशमाने म्हणाले. मान वर न करता.

ताई जागेवर गेल्या, चहा सांगायला पॅन्ट्रीचा नंबर दाबला... आणि ताडकन उभ्या राहिल्या.

"बाबा? तुम्ही कुठून बोलून राहिले?"

रिसीव्हरमधला म्हातारा आवाज मलाही ऐकू आला. "जेवली का माय? येऊन जाय एक डाव."

देशमान्यांनी रिसीव्हर हिसकावला. "कोण बोलतंय? ही ऑफिसची लाइन आहे!" पलीकडे काहीच नाही. मग ते माझ्यावर घसरले – "तुम्हीच एसटीडी उघडून दिलंत!"

मी ऑपरेटरच्या बोर्डाकडे बोट दाखवलं. बाहेरच्या एकाही लाइनचा दिवा लागलेला नव्हता. त्यांच्यादेखत प्रोग्रॅमिंग तपासलं – फक्त इंटरकॉम. पॅन्ट्रीतल्या मावशी म्हणाल्या, "इकडे फोन वाजलाच नाही."

ताईंनी रजेचा अर्ज पुढे केला. साहेबांनी न वाचता सही ठोकली. पेनला टोपण लावायचंही विसरले, हे मी मुद्दाम नीट पाहून घेतलं.

ताई परत आल्यावर मला म्हणाल्या, "अहो, आमच्या घरी फोनच नाही. बाबा त्या दिवशी खाटेवरून उठलेही नव्हते. पण मी दारात पाय ठेवला आणि त्यांनी पहिलं काय विचारलं माहितीये? ‘बोलता बोलता तुह्या हातचा फोन कोन्या माणसानं हिसकला वं? लय फणफण करून रायला होता!’"

वडील पुढे बरे झाले, बरीच वर्षं जगले. तेव्हा आत्मा वगैरे म्हणणार असाल तर राहू द्या. ‘क्रॉस कनेक्शन’ म्हणणाऱ्यांनी बिनफोनच्या घरात ते कसं होतं, तेवढं आधी सांगावं. मला अजून कळलेलं नाही. देशमान्यांची तर विचारायचीही हिंमत झाली नाही.