मायलीस चाळीसनेच जाते

मायलीस आणि मी गेली पाच वर्षं आठवड्यातून तीनदा एका गाडीत बसतो आणि तीनदा भांडतो. मंगळवार, गुरुवार, शनिवार. माझ्या दोन्ही किडन्यांनी हात टेकले तेव्हापासून एकशेदहा किलोमीटरवरच्या इस्पितळात जाऊन त्या डायलिसिसच्या मशीनला स्वतःला जुंपून घ्यावं लागतं, आणि तिथे मला नेते ती मायलीस. आमच्या लोवनेस गावात टॅक्सी एकच आणि टॅक्सीवालीही एकच. बाई चौसष्ट वर्षांची, अंगाने काटक, डोक्यावर बारा महिने तीच लोकरीची टोपी. हो म्हणायचं असलं की आम्हा बर्फाळ उत्तरेकडच्या लोकांसारखी नुसता श्वास आत ओढते, आणि त्यातही एवढी कंजूष की कधी कधी तोही ओढत नाही.

मी रुने. जन्मभर आरागिरणीत मुकादम होतो, त्यामुळे दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायची सवय हाडीमाशी खिळलेली आहे. पण मायलीसच्या कामात नाक खुपसायला जागा सापडत नाही, आणि हेच माझ्या डोक्यात जातं.

सकाळी सहा दहाला ती दारात उभी. रात्रभर इंजिनाला विजेची ऊब दिलेली असते, सगळ्या काचांवरचा बर्फ खरवडून त्या लख्ख केलेल्या असतात. समोर नुसतं भोक पाडून निघणाऱ्यांना ती बिळातले उंदीर म्हणते. मागे फावडं, दोन घोंगड्या, मेणबत्त्या, कॉफीचा थर्मास. चर्चपुढच्या सरळ रस्त्यावर आरशात बघायचं, मागे कोणी नाही ना याची खात्री करायची आणि मुद्दाम करकचून ब्रेक दाबायचा, हा तिचा रोजचा नेम. माझी कवळीही रोज जागची हलते.

"अगं, परवा दाबला होतास ना?"

"तो परवाचा रस्ता होता. आज किती धरतोय ते बघते."

गाडी घसरली की बाकीचे लोक घाबरून ब्रेकवर उभे राहतात. ही पाय उचलते, जायचं असेल तिकडे बघते आणि स्टिअरिंग एवढंसं फिरवते. मागच्या हिवाळ्यात पुलावर आम्ही चांगले आडवे झालो होतो. पाल्टच्या, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या गोळ्यांत डुकराचं मांस किती घालावं हे ती मला सांगत होती. गाडी सरळ झाली तेव्हा तिचं वाक्यही पुरं झालं होतं. माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं, पण मांसाचं माप लक्षात राहिलं.

आमचं भांडण व्हायचं ते एका काळ्या पिशवीवरून. रेनडिअर पाळणारे सामी लोक, कळप रस्त्याजवळ आला की बर्फात रस्त्याची कड दाखवायला रोवलेल्या काठीला काळी प्लास्टिकची पिशवी बांधतात. जनावरं आहेत, सावकाश जा, एवढाच अर्थ. कळप पुढे गेला की पिशवी काढून घ्यायची असते. पण काढतो कोण? बर्चच्या झाडांच्या वळणावरची पिशवी दोन हिवाळे लटकत होती, फाटून तिच्या चिंध्या झाल्या होत्या, आणि सगळं जग तिच्यासमोरून ऐंशीने जात होतं. मायलीस मात्र तिथून पुढच्या पुलापर्यंत आठ किलोमीटर चाळीसने जायची.

"मायलीस, ती पिशवी आता माझ्यापेक्षा म्हातारी झाली."

"असेल."

"मग दाब की जरा."

"चाळीस."

मला वेळेची ओढ का, तेही सांगतो. मशीनची वेळ ठरलेली असते. आठला पोचलो नाही, तर माझ्या तासांतला तुकडा कापला जातो, कारण दुपारचा माणूस दारात उभा असतो. मग दोन दिवस माझे पाय सुजून बुटात जात नाहीत. डिसेंबरात एकदा दहा मिनिटं उशीर झाला आणि मी रागाच्या भरात इस्पितळात तक्रारीचा कागद भरला. "चालक विनाकारण सावकाश चालवते." जानेवारीत पुन्हा उशीर, पुन्हा कागद. मायलीसला मी काही बोललो नाही. बोलायची हिंमत नव्हती, हे खरं कारण.

मग तिला वाहतूक कचेरीचं पत्र आलं. मंगळवारी गाडीत बसल्यावर तिने ते माझ्या मांडीवर टाकलं. दोन तक्रारी झाल्या आहेत, तिसरी आली तर हा मार्ग काढून शहरातल्या कंपनीला दिला जाईल. मी वाचलं. नव्वद माणसांच्या गावात हा इस्पितळाचा मार्ग गेला तर टॅक्सी विकण्यावाचून तिला गत्यंतर नव्हतं. आणि माझं काय? ती तापाने पडली होती तेव्हा शहरातला एक चालक आला होता. उडत्या बर्फाच्या धुरळ्यात, पुढचं काही दिसत नसताना त्याने ट्रकला ओलांडलं. पन्नास वर्षांत केली नव्हती तेवढी प्रार्थना मी त्या दिवशी केली.

"आता काय करणार?" मी विचारलं.

"आत्ता? आत्ता गाडी चालवणार."

मी घरी येऊन रात्रभर स्वतःला शिव्या घातल्या. बुधवारी दुपारी उजेड होता. ढकलत न्यायची घसरगाडी काढली आणि तीन किलोमीटर, चार ठिकाणी थांबून धापा टाकत, बर्चच्या वळणावर गेलो. पिशवी तीच, जुनी, फाटकी. काठीवरून सोडली आणि खिशात कोंबली. आता तिला चाळीसने जायला कारण उरणार नाही, उशीर होणार नाही, तिसरी तक्रार येणार नाही, असा माझा हिशोब. घरी येऊन स्वतःवर खूश होऊन दोन दालचिनीचे बन खाल्ले.

गुरुवारी सकाळी उणे एकवीस. काळोख. चर्चपुढे ब्रेक दाबून झाला, कवळी हलून झाली. वळण जवळ आलं तसा मी खिडकीबाहेर बघत बसलो. काठी दिव्यात आली, नुसती, पिशवीशिवाय. मनात म्हटलं, आता ऐंशी.

मायलीसने पाय उचलला. सत्तर, पन्नास, चाळीस, आणि मग तीस.

वळणापलीकडे रस्ता डोळ्यांनी भरला होता. पन्नासेक रेनडिअर असतील. दोन्ही बाजूंना पुरुषभर बर्फ साचलेला, त्यामुळे साफ केलेल्या रस्त्यावरून ती हलायला तयार नव्हती. आम्ही पहिल्या मादीपासून दहा पावलांवर थांबलो.

मायलीसने चारी दिवे लुकलुकते केले, चमकणारा अंगरखा चढवला आणि बॅटरी घेतली. "अंतेला फोन कर. सांग, कळप रस्त्यावर आहे," म्हणाली. अंते म्हणजे त्या कळपाचा मालक.

"तू कुठे निघालीस?"

"मागून ओंडक्यांचा ट्रक येतो रोज. त्याला कोण सांगणार?"

ती वळणामागे चालत गेली. बर्फातून, एकटी, बॅटरी हलवत. मी अंतेला फोन लावला आणि आरशात बघत राहिलो. थोड्या वेळाने झाडांवर उजेड पडला, मोठा, वरून येणारा. इंजिनाचा आवाज आला, मग ब्रेकचा लांबलचक सुस्कारा. साठ टन लाकूड तिच्या पुढ्यात येऊन उभं राहिलं होतं.

ती परत येऊन बसली, टोपीवर बर्फ. थर्मासमधून स्वतःला कॉफी ओतली. मला विचारलं नाही, कारण मला दिवसाला किती थेंब चालतात ते तिला माझ्याहून चांगलं माहीत आहे.

"पिशवी तू काढलीस," ती म्हणाली.

"तुला कसं कळलं?"

"पाच वर्षांत पहिल्यांदा तू या वळणावर गप्प बसलास. म्हटलं, काहीतरी आहे."

मग मी सगळंच ओकलो. पिशवी, घसरगाडी, दोन्ही तक्रारी. "मला वाटलं जुनी आहे. तुझ्याचसाठी केलं गं."

"तक्रारी तुझ्या आहेत हे मला ठाऊक होतं. 'विनाकारण' हा शब्द तूच वापरतोस."

"आणि तरी मला नेत होतीस?"

"मग काय चालत पाठवू?"

अंते बर्फस्कूटरवरून आला. कळप फुटून जंगलात शिरायला पंचवीस मिनिटं लागली. मी काच खाली करून त्याला खरं सांगितलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग काठीकडे. "माझंही चुकलं," तो म्हणाला. "काल सकाळी कळप इकडे आणला. जुनी होतीच लटकत, म्हणून नवी बांधली नाही." मग म्हणाला, "पण रुने, पुन्हा हात लावलास तर तुलाच काठीला बांधीन." मी मान हलवली. त्याचं बरोबर होतं.

इस्पितळात माझी चाळीस मिनिटं कापली गेली. ओसा नावाच्या नर्सने माझा चेहरा पाहून विचारलं, "कागद देऊ का? तक्रारीचा?"

"दे."

मी सगळं लिहिलं. पिशवी मी काढली. आधीच्या दोन्ही वेळी उशिराला कारण होतं आणि ते मला दिसत होतं, तरी मी विनाकारण लिहिलं. खाली सही केली. ओसाने वाचलं आणि विचारलं, "ही तक्रार कुणाविरुद्ध?"

"माझ्याविरुद्ध."

"त्याला इथे रकाना नाही."

"मग कडेला लिही."

शुक्रवारी कचेरीतल्या बाईंचा फोन आला. म्हणाल्या, आधीच्या तक्रारी रद्द, मार्ग मायलीसकडेच, आणि शनिवारपासून गाडी वीस मिनिटं आधी निघेल. फोन ठेवला आणि मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू. पापही माझंच होतं आणि निस्तरलंही मीच, असं म्हणत घरात दोन फेऱ्या मारल्या.

शनिवारी पाच पन्नासला मी आधीच फाटकात उभा होतो. गाडीत बसल्या बसल्या सांगितलं, "मायलीस, तुझा मार्ग वाचवला मी."

तिने आरशात बघितलं, चर्चपुढे ब्रेक दाबला, गाडी पुन्हा वेगात घेतली. मग म्हणाली, "मी मंगळवारीच फोन केला होता त्यांना. तुला पत्र दाखवलं त्याच दिवशी."

"कशाला?"

"सांगितलं, वेळ बदला नाहीतर मार्ग घेऊन टाका. पिशवीपाशी मी चाळीसच्या वर जाणार नाही. बुधवारी सकाळी त्यांनी कळवलं, वेळ बदलतो म्हणून."

बुधवारी सकाळी. मी घसरगाडी काढली ती बुधवारी दुपारी.

"म्हणजे मी उगाचच..."

"उगाच नाही," मायलीस म्हणाली. आवाज चढवला नाही, रस्त्यावरची नजर काढली नाही. "त्या ट्रकवर लिनिया होती. बावीस वर्षांची पोर, पहिलाच हिवाळा, पिशवी दिसली की अजून वेग उतरवणारी. मला म्हणाली, पिशवी नव्हती, म्हणून मी ऐंशीने आले. तू तिला मारणार होतास, रुने. आणि मलाही."

ती वळणाकडे बघत होती आणि गाडीचा वेग उतरायला लागला होता.